मदत हवी आहे: आंबवायला भांडं कोणतं घेऊ? बुडबुडे येत नाहीत!!

कुडाळकर_८१:
लवकर सांगा, उद्या सकाळी बाजारात जायचंय. २० लिटरच्या प्लास्टिकच्या ड्रमात आंबवत ठेवलंय. झाकणाला भोक पाडून एअरलॉक बसवला (पाणी भरलेली नळी, गॅस बुडबुड्यांनी बाहेर जातो, हवा आत येत नाही). तीन दिवसांत एक बुडबुडा नाही. ड्रमच बाद दिसतोय. स्टील घेऊ, काच घेऊ की चिनी मातीची बरणी?

तात्या_वेंगुर्ला:
मेल्या, काय आंबवतंस ता आधी सांग.

नियमपाळू:
काय ते कळलं. दारूबंदी कायदा १९४९ चा आहे आणि महाराष्ट्रात आजही लागू आहे. परवान्याशिवाय घरी बिअर करणं गुन्हा. धागा उडवा.

कुडाळकर_८१:
अहो, आल्याची बिअर! नावालाच बिअर. मे महिन्यात मुंबईची पोरं येतात, त्यांच्यासाठी. मी भांड्याचं विचारलंय, कायद्याचं नाही.

रसायनवाली:
दादा, साखर किती? यीस्ट कोणतं? ड्रम कुठे ठेवला होता? झाकणाला आतून रबराची रिंग आहे का?

कुडाळकर_८१:
प्रमाण नेहमीचंच.

रसायनवाली:
नेहमीचं म्हणजे??

कुडाळकर_८१:
१० लिटर पाणी, १ किलो साखर, पाव किलो आलं, चार लिंबं, चमचाभर बेकरीचं ड्राय यीस्ट. पडवीत होता. रिंगबिंग नाही. आधी लोणच्याचा ड्रम होता, पण धुतलाय.

रसायनवाली:
मग आंबतंय, फक्त गॅस झाकणाच्या कडेने निसटतोय. एअरलॉकमधून जाण्यापेक्षा त्याला ती वाट सोपी. साबणाचा फेस झाकणाभोवती लावा, फुगे कुठे येतात ते दिसेल. बुडबुड्यांवर भरवसा ठेवू नका, हायड्रोमीटर घ्या, गोडी किती उरली ते तोच सांगतो.
लोणच्याचा ड्रम मात्र खरंच बदला. प्लास्टिकात वास मुरतो आणि घासणीने पडलेल्या चरांत जंतू बसतात, ते साबणाने निघत नाहीत. स्टीलचा उभा डबा घ्या, वर पाव भाग मोकळा ठेवा, फेस चढतो.

तात्या_वेंगुर्ला:
स्टील कित्याक? आमच्या घरात आजयेच्या वेळची बरणी आसा. त्याच्यासारखा भांडा नाय.

रसायनवाली:
तात्या, जुन्या बरणीच्या झिलईत शिसं असू शकतं. लिंबाच्या आंबटपणाने ते उतरतं. पितळ कळकतं ते दिसतं तरी, हे दिसतही नाही.

तात्या_वेंगुर्ला:
साठ वर्सां लोणचा खातंय. मेलंय काय?

सोलकढीवाला:
आगळाला मात्र काचच. कोकमाच्या सालींना मीठ लावून ठेवा, रोज हलवा, रस आपोआप सुटतो. प्लास्टिकला लाल डाग पडतात ते वेगळेच.

कुडाळकर_८१:
आगळ कोणी विचारलं?

घाटावरचा:
उन्हाचं काय करता? आमच्याकडे भांड्याला ओलं गोणपाट गुंडाळलं की मस्त गार राहतं.

रसायनवाली:
ते देशावर. इथली हवा आधीच ओली, गोणपाट वाळतच नाही, मग गार कसं करणार? परातीत पाणी घालून त्यात डबा ठेवा, पाण्यात बर्फाच्या बाटल्या सोडत राहा. दादा, ड्रममध्ये आता किती शिल्लक आहे?

कुडाळकर_८१:
काही नाही. बुडबुडे नव्हते म्हणजे आंबणार नाही असं वाटलं, म्हणून काल रात्री काचेच्या बाटल्यांत भरून बुचं घट्ट बसवली. १२ बाटल्या. माळ्यावर आहेत.

रसायनवाली:
हे आधी सांगायचं ना! बिअरइतका गॅस व्हायला लिटरला सहा-आठ ग्रॅम साखर पुरते. तुम्ही १०० ग्रॅम घातली होती, त्यातली किती उरली ते माहीत नाही. बाटल्या फुटतील. चष्मा लावा, हातमोजे घाला, प्रत्येक बाटली जाड गोणपाटात गुंडाळून फ्रिजमध्ये ठेवा. पूर्ण गार झाल्याशिवाय एकही उघडू नका. पुढच्या वेळी सोड्याच्या प्लास्टिक बाटल्या वापरा, दाबून बघता येतं, कडक लागली की फ्रिज.

तात्या_वेंगुर्ला:
अरे, माळ्याखाली कोण झोपता?

कुडाळकर_८१:
आई. तिला हलवलंय.

कुडाळकर_८१:
(दुसऱ्या दिवशी) माळ्यावरच एक फुटली, काच गोणपाटात अडकली म्हणून वाचलो. बाकीच्या अकरा फ्रिजमध्ये. एक गार झाल्यावर मागच्या अंगणात उघडली, पाऊण बाटली फणसाच्या बुंध्यावर गेली. उरलं ते प्यायलो. गोडी अजिबात नाही, आणि जरा चढल्यासारखं वाटलं. पोरांना द्यावी का?

रसायनवाली:
नको. एवढी साखर यीस्टने सगळी खाल्ली तर ५ टक्क्यांच्या आसपास अल्कोहोल होतं. पोरांसाठी साखर निम्मी करा, बाहेर एकच दिवस ठेवा, मग लगेच फ्रिज आणि दोन दिवसांत संपवा. तरी थोडं अल्कोहोल होतंच, अगदी लहानांना नुसतं आल्याचं सरबत द्या.

नियमपाळू:
म्हणजे पहिल्या दिवशी मी म्हणत होतो तेच.

तात्या_वेंगुर्ला:
पोरांका नको तर माका कळय. बरणी घेवन येतंय.