मदत हवी आहे: नळ आले, पण वरच्या आळीला पाणी चढत नाही

नमस्कार मंडळी. आमचं गाव बीड जिल्ह्यात, डोंगराच्या उतारावर. जलजीवन मिशनमधून घरोघर नळ बसले. नियमाप्रमाणे माणशी रोज 55 लिटर, म्हणजे पाच जणांच्या घराला 275 लिटर मिळायला हवं. प्रत्यक्षात पाणी तीन-चार दिवसांआड सुटतं आणि खालच्या आळीत बरेच जण नळालाच मोटार लावतात. वर थेंब पोचत नाही. त्याहून वाईट म्हणजे मोटारीच्या ओढीनं पाइपातला दाब उतरतो आणि फुटक्या जोडातून गटाराचं पाणी आत शिरतं. लहान लेकरं जुलाबानं हैराण आहेत, मला खरी काळजी त्यांचीच आहे.

कुणाच्या गावात आळीवार व्हॉल्व्ह बसवून पाळ्या लावल्यात का? तो खर्च वित्त आयोगाच्या बंधित (पाणी-स्वच्छतेसाठीच राखून ठेवलेल्या) निधीतून करता आला का? मोटारी थांबवायला ग्रामसभेचा ठराव पुरला, की पाणी सोडताना गावची वीज बंद ठेवावी लागली? आजारी माणसं असलेल्या घरांचं तेव्हा काय केलंत?

सध्या टाकीत टीसीएल पावडर (जंतू मारणारी क्लोरीनची ब्लीचिंग पावडर) टाकतो, पण शेवटच्या नळाला क्लोरीन उरत नाही. ठरावाचा मसुदा असेल तर कृपया इथेच टाका. ग्रामसभा जवळ आली आहे.