मदत हवी आहे: पोटरीच्या दुखापतीनंतर स्पोर्ट्स मसाज केव्हा घ्यावा?

नमस्कार. मी पुण्यात राहणारी, पंचेचाळिशीतली हौशी धावपटू असून सातारा हिल हाफ मॅरेथॉनची तयारी करत आहे. त्या शर्यतीतला यवतेश्वरचा घाट चढून जाण्याचा सराव व्हावा म्हणून सिंहगडाच्या रस्त्यावर धावत असताना उजव्या पोटरीत, आतल्या बाजूला, एकाएकी कळ आली. स्नायूचे थोडे तंतू फाटले आहेत, मात्र इजा मोठी नाही, असे डॉक्टरांनी सोनोग्राफीनंतर सांगितले. आता साधारण तीन आठवडे होत आले असून सपाट रस्त्यावर चालताना दुखत नाही, परंतु एका पायावर उभे राहून टाच उचलली की ओढ जाणवते.

फिजिओथेरपिस्ट बाई टाचा उचलण्याच्या व्यायामावर भर देतात आणि मसाजला दुय्यम मानतात. धावण्याच्या गटाचे प्रशिक्षक मात्र डीप टिश्यू मसाजचा, म्हणजे स्नायूंवर खोल दाब देऊन केलेल्या मसाजचा, आग्रह धरतात. माझे सासरे कोल्हापूरच्या तालमीत वाढलेले असल्यामुळे त्यांचा विश्वास तेल लावून रगडण्यावर आहे. पैलवानांच्या कित्येक पिढ्या त्या मालिशीवर पोसल्या गेल्या हे मला मान्य आहे, तरी ती मालीश मेहनतीने थकलेल्या धडधाकट अंगाची असते, फाटलेल्या स्नायूची नव्हे, असे मला वाटते.

या टप्प्यावर मसाजने स्नायू लवकर भरून येतो, की भरत आलेली इजा पुन्हा उकलते? घ्यायचाच झाल्यास दाब किती असावा, शर्यतीच्या किती दिवस आधी थांबवावा, आणि मसाज करणाऱ्याची पारख कशी करावी? जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

प्रतिसाद:

मी फिजिओथेरपिस्ट आहे. प्रत्यक्ष तपासणीशिवाय जेवढे सांगता येते तेवढेच लिहितो. फाटलेले तंतू मसाजने जुळत नाहीत. पेलवेल तेवढा भार क्रमाक्रमाने वाढवत नेल्यानेच भरून येणारा स्नायू ताण सोसण्याजोगा होतो, त्यामुळे तुमच्या बाईंनी ठरवलेला क्रम मला योग्य वाटतो. मसाजने वेदना आणि ताठरपणा काही काळ कमी होतो व व्यायाम करणे सोपे जाते, एवढाच त्याचा वाटा. पहिल्या ४८ ते ७२ तासांत आतला रक्तस्राव वाढण्याची भीती असल्याने खोल दाब टाळतात. तुमचा तो काळ उलटला आहे, तेव्हा दुखऱ्या जागेच्या वर-खाली हलका ते मध्यम दाब चालू शकेल. दुसऱ्या दिवशी टाच उचलताना दुखणे वाढले, तर दाब जास्त झाला असे समजावे. धावताना स्नायूंत साठणारे लॅक्टिक ॲसिड मसाजने बाहेर पडते असे अनेक प्रशिक्षक अजूनही सांगतात, पण धावणे थांबल्यावर ते साधारण तासाभरात आपोआप कमी होते.

एक गोष्ट मात्र गांभीर्याने घ्यावी. एकाच पोटरीला सूज, ऊब आणि वाढते दुखणे असेल, विशेषतः लांबच्या प्रवासानंतर किंवा पाय बरेच दिवस न हलवल्यावर, तर मालीश अजिबात करू नये आणि त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे, कारण शिरेतली रक्ताची गुठळी सुटून फुप्फुसात जाऊ शकते.

शर्यतीपूर्वीच्या तीन-चार दिवसांत मी खोल मसाज करू देत नाही. पारखीचे म्हणाल, तर फिजिओथेरपिस्टची पदवी व नोंदणी पाहावी. आणि समोरचा माणूस दुखापत केव्हा झाली, रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या सुरू आहेत का, हे न विचारताच हात लावू लागला, तर सरळ उठून यावे. दुखऱ्या पायावर सलग किती वेळा टाच उचलता येते आणि चांगल्या पायावर किती वेळा, हे मोजून इथे लिहिलेत, तर घाटाचा सराव केव्हा सुरू करावा याविषयी अधिक नेमके सांगता येईल.