मदत हवी आहे: वेंगुर्ल्यात व्हँपायरचा सिनेमा करतोय, पण रात्रच हाती लागत नाही

मंडळी, नमस्कार. मित्रमित्र मिळून पगारातले पैसे घालून एक छोटा भयपट करायला घेतलाय. गोष्ट थोडक्यात अशी: सतराव्या शतकात वेंगुर्ल्यात डचांची वखार होती. त्या काळी गलबतातून उतरलेली एक पेटी आज एका बंद घराच्या माळ्यावर सापडते. आत काय असतं ते तुम्ही ओळखलंच असेल.

'भूत देशी का नाही?' हा प्रश्न येणारच, म्हणून आधीच सांगतो. मुंजा, हडळ, देवचार, गिऱ्हा या सगळ्यांच्या गावात ठरलेल्या जागा आहेत, ठरलेला मान आहे. कुणाला काय द्यायचं ते आजीला पाठ असतं. या परक्याला काय द्यायचं हे कुणालाच ठाऊक नाही आणि मला भीती तिथेच दिसते. (लसणीचा भाग मात्र कापून टाकला. सोलकढीतही लसूण घालणाऱ्या मुलखात तो दोन दिवसांत उपाशी मेला असता.)

घर आजोळचं, चिऱ्याचं. सातबाऱ्यावर नावं रग्गड, पण भांडणारे सगळे मुंबईला, त्यामुळे किल्ली मिळाली. खरी अडचण रात्रीची आहे.

मुख्य काम करणारे काका दशावतारी आहेत. रंग स्वतःच लावतात. परवा हातआरसा घेऊन बसले, भुवई एका फटकाऱ्यात खाली ओढली, ओठांच्या कोपऱ्यात काजळाचं बोट टेकवलं. आमच्या मेकअपवालीने ब्रश गुंडाळून ठेवला! पण कार्तिकात जत्रा सुरू झाल्या की त्यांचे रात्रीचे प्रयोग लागतात ते थेट पावसाच्या तोंडापर्यंत. दिवसा झोपतात, रात्री उभे राहतात. भूमिकेला साजेसं आहे, आमच्या काय कामाचं?

दुसरं, पौर्णिमेच्या मध्यरात्री तो समुद्रातून चालत किनाऱ्यावर येतो असा प्रसंग आहे. जनरेटर आणि दिवे भाड्याने आणायचे म्हटले तर निम्मे पैसे तिथेच संपतात. कमी खर्चात पुळणीवर उजेड कसा करावा?

तिसरं रक्त. कोकमाचं आगळ वापरून पाहिलं. कॅमेऱ्यात जांभळट दिसतं, हनुवटीवर ठरत नाही आणि पांढरा सदरा साबणाने धुतला की डाग निळसर होतो. साखरेच्या पाकात रंग घातला तर मुंग्या. सुळे दातांच्या डॉक्टरांकडून करून घेतले, ते छान बसलेत. फक्त ते लावले की काकांचा 'स' घसरतो, म्हणून संवाद निम्मे केले.

प्रतिसाद १

पौर्णिमेचा बेत सोडा. आमच्याकडे तिथीची पाऊणपट करतात, ती भरतीची साधारण वेळ. पौर्णिमा म्हणजे पंधरावी तिथी, पाऊणपट सव्वाअकरा. म्हणजे ऐन मध्यरात्री उधाणाचं पाणी सुरूच्या झाडांच्या मुळांशी. तुमचा पाहुणा चालणार कुठून? वद्य अष्टमी धरा. भरती सहाच्या आसपास, ओहोटी मध्यरात्री आणि चंद्रही त्याच सुमाराला डोंगरामागून वर येतो. भांग (अष्टमीच्या सुमाराची कमी चढउताराची भरती-ओहोटी) असल्याने पाणी फार लांब जात नाही, पण चढतही नाही.

उजेडाबद्दल एक. थंडीपासून उन्हाळ्यापर्यंत वायंगणीकडे कासवांचा हंगाम असतो. पिल्लं दिव्याच्या दिशेने भरकटतात. वनखात्याला विचारल्याशिवाय किनाऱ्यावर एक बल्बही लावू नका.

प्रतिसाद २

रात्र हवीच कशाला? स्टोकरच्या १८९७ च्या कादंबरीतला ड्रॅक्युला दिवसाही हिंडतो. उन्हात मरायची रीत १९२२ च्या 'नोस्फेराटू'ने पाडली. गंमत म्हणजे त्या सिनेमातल्या रात्रीही दिवसाच चित्रित करून फिल्मला निळा रंग दिलेला आहे. तुम्ही आषाढात करा. ऊन दिसतंय कुठे? काका मोकळे, कासवं नाहीत, होड्या झापांखाली शाकारलेल्या, किनारा ओस. तो भरदुपारी छत्री घेऊन बाजारातून जातोय, कुणी वळून बघत नाही. मला तरी हे चंद्रापेक्षा भयानक वाटतं. रात्र दाखवायचीच असेल तर दिवसाच दोन स्टॉप कमी एक्स्पोजर (चित्र काळोखं येतं), व्हाइट बॅलन्स ३२०० केल्विनवर (निळसर येतं), आणि आभाळ फ्रेममध्ये घेऊ नका.

रक्ताला ग्लुकोज सिरप, लाल खाद्यरंग आणि चिमूटभर कोको. जांभळेपणा कोकोने मरतो. मुंग्यांना इलाज नाही, लगेच पुसा.

धागाकर्ता

दोघांचेही आभार. छत्रीचा प्रसंग चोरतोय, हरकत नसावी. आषाढ जवळपास पक्का, काकाही खूश झाले. पण त्यातून दोन नवे पेच. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद, म्हणजे होडी पाण्यात मिळणार नाही. तेवढा प्रसंग मे महिन्यात उरकावा म्हणतो, काकांऐवजी पाठमोरा दुसरा कुणी उभा करून. आणि कौलांवर पाऊस पडायला लागला की घरात शेजारच्याचं बोलणं ऐकू येत नाही. संवाद नंतर डब करायचे, की कॉलर माइक चालेल? मित्राचा कॅमेरा लग्नांच्या शूटिंगचा आहे, तो भिजला तर मैत्री संपेल. पावसात शूट केलेल्यांनी कव्हरबद्दल जरूर सांगा.

प्रतिसाद ३

डबच करा. आणि देवाला गाऱ्हाणं घातलंत का?

धागाकर्ता

रविवारी घालतोय. नारळ काकांनीच आणलाय.