बेडसाइड क्रिब घ्यायचाय, पण बेड बॉक्सचा आहे

केतकी, बी-४०३: नमस्कार मंडळी. पुढच्या महिन्यात बाळ येतंय. पलंगाला चिकटवून ठेवायचा बेडसाइड क्रिब, म्हणजे बेडकडची बाजू खाली करता येणारा बाळाचा छोटा पलंग, घ्यायचा विचार आहे. ऑनलाइन इतके प्रकार आहेत की डोकं चालेनासं झालंय. बेडरूम १० बाय ११, ६ बाय साडेसहाचा हायड्रॉलिक बॉक्स बेड. सिझरची शक्यता डॉक्टरांनी सांगितली आहे. घेताना नेमकं काय बघायचं?

मिलिंद, ए-७०२: क्रिब नंतर बघू, आधी बेड बघ. बेडखाली मोकळी जागा आहे की प्लाय थेट जमिनीपर्यंत आलाय?

केतकी, बी-४०३: थेट जमिनीपर्यंत. झाडूसुद्धा आत जात नाही.

मिलिंद, ए-७०२: तिथेच खरी अडचण आहे. जाहिरातीतल्या फोटोंमध्ये पलंग पायांवर उभा असतो. बेडसाइड क्रिबचे पाय बहुतेक इंग्रजी ‘टी’ उलटा ठेवल्यासारखे असतात, त्यांचा जमिनीलगतचा अर्धा आडवा भाग पलंगाखाली सरकतो. बॉक्स बेडला तो भाग आपटतो आणि क्रिब गादीपासून ५-६ इंच लांबच उभा राहतो. मग लोक काय करतात, तर मधल्या फटीत उशी नाहीतर गुंडाळलेली चादर कोंबतात. हे अजिबात करायचं नाही.

काही मॉडेलमध्ये बेडकडचा पाय आत दुमडता येतो. बॉक्स बेडसाठी तसलंच बघायचं. पाय दुमडला की क्रिब त्या बाजूला कलू शकतो, त्यामुळे पट्ट्याने बांधल्याशिवाय वापरायचा नाही. आणि सुताराला बोलावून पाय कापून घ्यायचे नाहीत. तो पाय क्रिबचा तोल सांभाळतो.

सतीश काका, ॲडमिन: पार्किंगचा विषय आज इथे आणू नका रे. हे मेसेज खाली जाता कामा नयेत.

डॉ. मीनल, सी-६०१: मिलिंदने फटीचं बरोबर सांगितलं, ती का वाईट ते सांगते. नवजात बाळाला मान वळवून तोंड मोकळं करता येत नाही. गादी आणि क्रिबच्या मध्ये बाळ घसरलं की नाक-तोंड दाबलं जातं, आणि ते रडतही नाही, म्हणून कळत नाही. अमेरिकन मानकाप्रमाणे ही फट अर्ध्या इंचाहून जास्त चालत नाही. माझ्या मते घरात त्याहून कडक नियम ठेवा: करंगळी आत गेली तर नापास.

तपासताना रिकाम्या बेडवर तपासू नका. आईने काठाला झोपायचं आणि मग दुसऱ्याने बोट घालून बघायचं. फोमची गादी काठाला दबते आणि फट उघडते. रोज झोपण्याआधी एकदा हात फिरवायचा, कारण गुळगुळीत टाइल्सवर क्रिब हळूहळू सरकतो.

प्रणव, ए-५०४: उत्पादन तपासणीच्या बाजूने थोडं. लेबलवर या दोनपैकी एका सुरक्षा मानकाचा आकडा शोधा: युरोपचा ईएन ११३० किंवा अमेरिकेचा एएसटीएम एफ २९०६. पहिला पाळणा आणि बेडसाइड क्रिब दोन्हींसाठी आहे, दुसरा फक्त बेडसाइडसाठी. हा आकडा क्रिबवर कायमच्या छापलेल्या किंवा शिवलेल्या लेबलवर हवा, नुसता वेबसाइटवरच्या वर्णनात असून उपयोग नाही. विक्रेत्याकडून लेबलचा फोटो मागवा. देत नसेल तर पुढच्या दुकानात.

टेप हातात असेल तर बाकी स्वतः मोजता येतं. लाकडी दांड्यांमधलं अंतर ६ सेंमीपेक्षा जास्त नको, नाहीतर अंग निघतं आणि डोकं अडकतं. जाळीची बाजू असेल तर भोकं ६ मिमीपेक्षा बारीक हवीत, म्हणजे बटणं-बोटं गुंतत नाहीत. लोंबणारी कुठलीही दोरी, नाडी, फीत वीतभरापेक्षा मोठी नको. चाकं असतील तर सगळ्यांना ब्रेक हवा, दोनच चाकांना नाही.

सुधाकाकू, बी-२०१: एवढं सगळं मोजून पाहायला आमच्या वेळी कोणाला वेळ होता? साडीची झोळी बांधली की पोर दोन-दोन तास निवांत. आणि मोहरीची उशी तरी ठेवा गं, डोकं छान गोल होतं.

डॉ. मीनल, सी-६०१: काकू, बारशाला पाळणा सजवायचा, त्यात बाळ घालून पाळणा म्हणायचा, सगळं करायचं. चार बायका समोर असतात, सगळ्यांचं लक्ष असतं. अडचण रात्रीची आहे. झोळीत बाळाची पाठ गोल होते, हनुवटी छातीला टेकते. त्या वयात श्वासनलिका इतकी मऊ आणि अरुंद असते की मान पुढे वाकली तरी हवा कमी जाते. म्हणून झोपण्याची जागा सपाट आणि टणक, आणि बाळ पाठीवर. १० अंशांपेक्षा जास्त उतार नको.

मोहरीच्या उशीचंही तेच, कुठलीच उशी नको. डोकं एका बाजूला चपटं होऊ नये म्हणून बाळाची बाजू बदला: एका रात्री डोकं क्रिबच्या या टोकाला, दुसऱ्या रात्री त्या टोकाला. बाळ दिव्याकडे किंवा आईकडे बघतं, म्हणजे मान आपोआप दोन्हीकडे वळते. आणि दिवसा जागं असताना, कोणीतरी समोर बसलेलं असताना, थोडा वेळ पोटावर.

सुधाकाकू, बी-२०१: पाठीवर झोपवलं आणि दूध काढलं तर घशात नाही का जाणार? म्हणून तर आम्ही कुशीवर ठेवायचो.

डॉ. मीनल, सी-६०१: हा प्रश्न प्रत्येक आजी विचारते, आणि विचारायलाच हवा. पाठीवर असताना श्वासनलिका वर आणि अन्ननलिका खाली असते. वर आलेलं दूध खालच्या नळीच्या तोंडाशी साचतं, ते वर चढून श्वासनलिकेत जायला वेळ लागतो, तेवढ्यात बाळ गिळतं किंवा ठसकतं. पालथं असताना उलट होतं. कुशीवरचं बाळ तर सहज पालथं पडतं. अमेरिकेत १९९४ मध्ये पाठीवर झोपवण्याची मोहीम सुरू झाली आणि झोपेतले अचानक बालमृत्यू जवळपास निम्म्यावर आले. पाजल्यावर ढेकर काढायची, ती मात्र चुकवू नका.

दूध वर येतं म्हणून क्रिबचं एक टोक उंच करायची सोय बऱ्याच मॉडेलमध्ये देतात. वापरू नका. त्याने दूध येणं थांबत नाही, बाळ घसरत खाली जाऊन आखडतं.

रोहिणी, सी-३०२: आमच्याकडे अमेरिकेहून आलेला बाळाला झोपवायचा एक तिरका झुलता स्लीपर पडून आहे, एकदम नवा दिसतो. केतकी, हवा तर घेऊन जा.

प्रणव, ए-५०४: रोहिणीताई, तिरका असेल तर कोणालाच देऊ नका. रॉक अँड प्ले नावाच्या तशा स्लीपरचे सुमारे ४७ लाख नग एप्रिल २०१९ मध्ये परत मागवले गेले. २०२२ मध्ये अमेरिकेत कायदा होऊन असे तिरके स्लीपर आणि क्रिबच्या आत बांधायचे गुबगुबीत बंपर, दोन्हींची विक्रीच बंद झाली. आपल्याकडे क्रिबच्या सेटमध्ये बंपर, उशी, रजई, लोड असं अजूनही मिळतं. फोटो छान येतो. केतकी, त्या सेटमधली गादी आणि ताणून बसणारी चादर ठेव, बाकी सगळं कपाटात.

वापरलेला क्रिब घ्यायचाच झाला तर मूळ गादी, सगळे बोल्ट, दोन्ही पट्टे आणि माहितीपुस्तक असेल तरच. खाली सरकणाऱ्या बाजूचं लॉक दहा वेळा उघडून-मिटून बघ. ‘टक्’ असा आवाज दोन्ही टोकांना आला पाहिजे. एका टोकाला चेन आणि दुसऱ्याला बक्कल असेल तर दोन्ही लावून बाहेरून ओढून बघ. जुना रंगवलेला लाकडी पाळणा असेल तर आणखी एक गोष्ट: आपल्याकडे घरगुती रंगात शिशाची ९० पीपीएमची (दहा लाख भागांत ९० भाग) मर्यादा नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाली. त्याआधीच्या रंगाचा भरवसा नाही, आणि बाळाला दात आले की कठडाच चावतं.

मिलिंद, ए-७०२: गादीचं मीही सांगतो. क्रिबसोबत येणारी गादी पातळ आणि कडक असते, हात लावला की वाटतं बाळाला टोचेल. मग घरातले वरून कापसाची दुलई घालतात. त्याने तीन गोष्टी बिघडतात: बाळ त्यात रुततं, दुलई आणि जाळीमध्ये खाच पडते, आणि दुलईच्या जाडीइतकी कठड्याची उंची कमी होते. पातळ आहे ती मुद्दाम पातळ आहे. तळहाताने दाबून सोडल्यावर खड्डा राहिला नाही, म्हणजे झालं. कडेला दोन बोटांपेक्षा जास्त जागा नको.

अनघा, बी-६०४: ओलं होतं म्हणून मेणकापड घालावं ना?

डॉ. मीनल, सी-६०१: घालावं, पण चादरीच्या खाली आणि गादीखाली खोचून. वर सुटं पसरलेलं मेणकापड किंवा घडी घातलेलं दुपटं नको. वॉटरप्रूफ कव्हर चढवलेलं असेल तर मेणकापडाची गरजच नाही.

अनघा, बी-६०४: आणि डास? आपल्या नाल्याच्या बाजूला तर संध्याकाळनंतर बसवत नाही.

मिलिंद, ए-७०२: छत्रीसारखी मच्छरदाणी क्रिबमध्ये ठेवू नका. तिच्या तारा लवचिक असतात, लाथ लागली की जाळी तोंडावर. क्रिबची बाजू खाली करून बेडला जोडली की क्रिबची स्वतःची जाळी पूर्ण बसत नाही. आणि बेडची तंबूवाली मच्छरदाणी लावली तर तिचा खालचा काठ नेमका गादी आणि क्रिबच्या मध्ये येतो, म्हणजे पुन्हा फट. सगळ्यात सोपं, खिडक्यांना जाळीचे शटर बसवून घ्या. ते जमत नसेल तर छताला हुक मारून बेड आणि क्रिब दोन्ही झाकेल अशी मोठी जाळी. ६ फुटी बेडला २ फुटांचा क्रिब जोडला की रुंदी ८ फूट होते, तेवढ्या मापाची सांगून शिवून घ्यावी लागते.

डॉ. मीनल, सी-६०१: एसी असेल तर २४ ते २६ च्या दरम्यान, झोत क्रिबवर नको. आपण घालतो त्याहून एखादा पातळ कपडा जास्त, बस. झोपताना टोपडं, कुंची नको. बाळ डोक्यातून उष्णता सोडतं. छाती किंवा मानेमागे हात लावून बघायचं. घाम आला असेल तर कपडा कमी. हात-पाय गारच लागतात, त्यावरून ठरवू नका.

केतकी, बी-४०३: मोजून आले. जमिनीपासून गादीच्या वरपर्यंत २२ इंच. गादी खोबणीत बसलेली आहे, भोवती दीड इंच जाडीचा लाकडी काठ, तो गादीपेक्षा एक इंच खाली. डोक्याच्या बाजूला फिक्स साइड टेबल, १६ इंच लांब. कपाटाचं दार २० इंच उघडतं.

मिलिंद, ए-७०२: हे आधी सांगितलं असतंस तर अर्धी चर्चा वाचली असती 🙂 लाकडी काठ दीड इंच म्हणजे क्रिब कितीही आवळला तरी तो काठाला टेकणार, गादीला नाही. मध्ये दीड इंचाची चर राहणारच. ती भरायची नाही असं आत्ताच ठरलं. म्हणजे तुझ्या बेडला बाजू उघडी ठेवून क्रिब जोडता येत नाही. जोडता आला असता तरी गादीची उंची क्रिबच्या खाली केलेल्या कठड्यापेक्षा वर असून चाललं नसतं, आणि २२ इंच बऱ्याच मॉडेलच्या वरच्या टोकाला जातं.

शिवाय हायड्रॉलिक बेड. पट्टा गादी आणि प्लायच्या मधून पलीकडच्या काठापर्यंत नेऊन आवळायचा असतो. पट्टा लावलेला असताना कोणी झाकण उचललं तर क्रिब सोबत ओढला जातो.

केतकी, बी-४०३: मग बेडसाइड क्रिबचा नादच सोडू?

मिलिंद, ए-७०२: जोडायचा नाद सोड. चार पायांचा, चारही बाजू उंच असलेला छोटा क्रिब घे, लांबी ३६ इंचांच्या आसपास, रुंदी २२ ते २४. बेडच्या शेजारी, हात पोहोचेल असा ठेव. बेडसाइड क्रिब तसाही ५-६ महिन्यांपर्यंतच, बाळ हात-गुडघ्यांवर उठायला लागलं की बंद. म्हणजे तुझं फार नुकसान नाही.

डॉ. मीनल, सी-६०१: वैद्यकीय दृष्टीनेही काही कमी पडत नाही. बाळ निदान पहिले सहा महिने आईच्या खोलीत, पण वेगळ्या पृष्ठभागावर झोपावं, एवढीच शिफारस आहे. जोडलेलं असण्याची अट नाही.

सिझरचं म्हणशील तर पहिले काही आठवडे उचलून देण्याचं काम दुसऱ्याने करायचं. वाकून उचलताना टाक्यांवर ताण येतो. क्रिबचा तळ बेडच्या उंचीला जुळणारा घे, आणि उठताना आधी कुशीवर वळून, पाय खाली सोडून, हाताच्या आधाराने बस. पाजता पाजता तुला झोप येत असेल तर सोफ्यावर बसून पाजू नकोस. सोफा बेडपेक्षाही धोक्याचा.

केतकी, बी-४०३: ठेवू कुठे? खिडकीच्या बाजूला की कपाटाच्या?

मिलिंद, ए-७०२: खिडकीच्या बाजूला पडद्याची दोरी आणि एसीचा झोत दोन्ही येतात, तिथे नको. कपाटाच्या बाजूला दार २० इंच उघडतं, क्रिब २४ इंच. बेडच्या त्या बाजूला किती जागा आहे?

केतकी, बी-४०३: ३० इंच.

मिलिंद, ए-७०२: मग क्रिब लावल्यावर ६ इंच उरतात, दार उघडणार नाही. बेड खिडकीकडे १४ इंच सरकव, म्हणजे दाराला पूर्ण २० मिळतील. बॉक्स रिकामा केल्याशिवाय सरकवू नका, बिजागऱ्या जातात. क्रिबला साइड टेबलाच्या पुढून सुरुवात कर, डोक्याजवळ चार्जरची वायर येत नाही. टेबलावरचा एक्स्टेंशन बोर्ड दुसरीकडे ने. रविवारी सकाळी टेप घेऊन येतो, ऑर्डर त्यानंतर कर.

सुधाकाकू, बी-२०१: बेड सरकवायला दोन पोरं पाठवते. आणि बारशाला पाळणा माझ्याकडचा, तो सागवानी आहे, रंग नाही लावलेला.