मामाच्या वाड्यात बंदुकीच्या दारूचा जुना डबा घावलाय, काय करू?

बाळीवेसकर७७:
नमस्कार मंडळी. मामाचा जुना वाडा पाडायलेत, माळवदाच्या तुळईला खुंटीवर एक चपटा पत्र्याचा डबा लटकलेला मिळाला. वीतभर उंच, फिरकीचं बूच, कागदी लेबल निम्मं कसरीनं खाल्लंय पण कर्टिसेस अँड हार्वे आणि डायमंड ग्रेन एवढं वाचता येतंय. भंगारवाला वीस रुपये म्हणला, मी दिला नाही. तारेच्या घासणीनं गंज काढून वॉर्निश मारावं म्हणतोय. बूच घट्ट बसलंय, जरा गॅसवर धरलं तर सुटंल का? आत काहीतरी खुळखुळतंय.

जुनं_ते_सोनं:
अहो मालक गॅसवर काय धरताय!! आधी तो डबा घराबाहेर सावलीत ठेवा आणि हलवणं बंद करा. काळी दारू म्हणजे सोरा, कोळसा, गंधक, साधारण 75-15-10 चं मिश्रण, ते कोरडं राहिलं तर शंभर वर्षांनी पण ठिणगीला पेटतं. सोलापूरच्या गड्डा जत्रेला होम मैदानावर जे दारूकाम बघतो ना आपण, त्याच्या मुळाशी हेच तीन जिन्नस. आत दारू असली तर घरात ठेवू नका, सरळ पोलिसांना फोन लावा, स्वतः खटपट नको.
आणि घासणी तर अजिबात लावू नका. या डब्यात लेबलच सगळं काही असतं ओ, पत्र्याला कोण विचारतंय. मी स्वतः एक डबा चिंच लावून लखलखीत केला होता, तेव्हा फार शहाणा समजत होतो स्वतःला, आता त्यात खिळे ठेवतो. मऊ कोरड्या ब्रशनं धूळ झटका, बास. कंपनी इंग्लंडची, हाउन्स्लोला त्यांच्या गिरण्या होत्या, पुढं नोबेल या स्फोटकांच्या कंपनीच्या छत्राखाली गेली आणि 1926 ला आयसीआय (इंपीरियल केमिकल इंडस्ट्रीज) या मोठ्या कंपनीत विलीन झाली. लेबलवर आयसीआय असलं तर डबा त्यानंतरचा, एवढं तरी नक्की कळतं.

बार्शीचा_नातू:
डबा म्हणलं की आमचे आजोबा आठवले. ठासणीची बंदूक होती, भुईमुगात डुकरं शिरली की रात्री नुसता बार काढायचे. आधी दारू, मग चिंधी, मग छर्रे, गजानं ठासायचं आणि शेवटी टोपी (घोडा आपटला की ठिणगी पाडणारी छोटी स्फोटक टोपी) बसवायची, एवढं होईस्तोवर डुकरं पोट भरून गेलेली असायची 😄 डबा कायम तुळईला, चुलीपासून लांब, आणि आम्हा पोरांना खाली उभं राहायला पण बंदी. बंदूक जमा केली तेव्हा डबा राहिला, आजीनं त्यात सुया-दोरे ठेवले. झाकण उघडलं की गंधकाचा वास यायचा, निदान मला तरी यायचा. शेवटी कुठं गेला देव जाणे. अशा वस्तूंची आवड असंल तर अक्कलकोटच्या राजवाड्यातलं शस्त्रागार बघून या एकदा.

परदेशी_सोलापुरी:
इकडं अमेरिकेत या डब्यांचे वेडे लोक आहेत, मी पण त्यातलाच, बायको वैतागलीय. माझ्याकडं ड्यूपाँट या अमेरिकन दारू कंपनीचे, म्हणजे बंदुकीच्या दारूच्या, तीन आहेत. लेबलवर एफएफ, एफएफएफ असं लिहिलेलं असतं, एफ जितके जास्त तितका दाणा बारीक. डेलावेरात ब्रँडीवाइन नदीकाठी त्यांची 1802 सालची गिरणी आता म्युझियम आहे, नक्की बघण्यासारखी. तीन बाजूंना जाड दगडी भिंती आणि नदीकडची बाजू मुद्दाम हलकी, म्हणजे स्फोट झालाच तर सगळं नदीकडं उडावं. तिथं उभं राहिल्यावर कामगारांचा विचार येऊन पोटात गोळा आला.
@बाळीवेसकर लेबलचा फोटो टाका की.

बाळीवेसकर७७:
डबा अंगणात पेरूखाली ठेवलाय, गॅसचं म्हणलो ते विसरा 🙏 मामीला फोन केला तर हसायलीय, म्हणे त्यात तिनंच लहानपणी आमचे चिंचोके भरून ठेवले होते, आम्ही खेळताना भांडायचो म्हणून. तरी मामा म्हणला पोलीस बघू देत आधी, तुझ्या मामीला काल काय खाल्लं ते आठवत नाही. उद्या सकाळी येतो म्हणलेत. फोटो त्यानंतर टाकतो.