मदत हवी आहे : जामीन मंजूर, पण स्थानिक जामीनदार नाही

आमच्या सोसायटीच्या वॉचमनचा भाचा चोरीच्या केसमध्ये ठाण्यात कच्चा कैदी आहे (खटल्याचा निकाल अजून लागलेला नाही). पहिलाच गुन्हा. मॅजिस्ट्रेट कोर्टाने २५,००० चा जामीन दिला, अट एका स्थानिक जामीनदाराची. सहआरोपीलाही हाच आदेश. त्याच्या काकांचा फ्लॅट होता, ते जामीनदार झाले आणि तो त्याच आठवड्यात सुटला. भाचा मात्र महिना उलटला तरी आतच. कायदा दोघांना एकच, फरक फ्लॅटचा!

बीडला मामाची जमीन आहे, सातबारा आणि आधार तयार आहे. पण बाहेरच्या जिल्ह्याचा जामीनदार चालणार नाही, असं तोंडी सांगितलं; लेखी काही दिलं नाही. रोख भरायला इतके पैसे नाहीत. वकील विधी सेवा प्राधिकरणाने (गरिबांना मोफत वकील देणारी सरकारी यंत्रणा) दिलेले आहेत, फोन क्वचितच उचलतात. त्यामुळे 'वकील बदला' हा सल्ला सध्या नको.

माझ्या वाचनात आलेलं : मोती राम खटल्यात (१९७८) सुप्रीम कोर्टाने परजिल्ह्यातला म्हणून जामीनदार नाकारणं चूक ठरवलं. सुप्रीम कोर्टाच्याच २०२३ च्या आदेशानुसार महिन्याभरात जामीन भरला गेला नाही तर कोर्ट स्वतःहून अटी शिथिल करण्याचा विचार करू शकतं. शिवाय गरीब कैद्यांसाठी केंद्राची योजना आहे, २०२३ च्या मूळ नियमांत कच्च्या कैद्याला जामिनासाठी ४०,००० पर्यंत मदत होती.

कोर्टात प्रत्यक्ष काम करणाऱ्यांनी सांगावं : अट बदलण्याचा अर्ज आधी त्याच मॅजिस्ट्रेटकडे करायचा, की भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या (BNSS) कलम ४८४ खाली थेट सेशन्सला? बीडच्या सातबाऱ्यासोबत तहसीलदाराचा ऐपतीचा दाखला लागतोच का? आणि त्या योजनेसाठी तुरुंगातून अर्ज कोणी पुढे पाठवायचा?