रेतीसाठी इंजिनाआधी वजन आणि टायर बघा

भाऊ, रोज जळगाव-धुळे हायवे आणि अधूनमधून गिरणा नदीच्या पात्रातल्या रेतीतून मळ्यात, अशी तुमची गरज, आणि त्यासाठी कोणती गाडी घ्यावी असं तुम्ही विचारलंय. इथे बहुतेकांनी मोठं इंजिन सुचवलंय, ते मला पटत नाही. रेतीत जड गाडी आधी रुतते. मारुतीची जिमनी सुमारे १,२०० किलोची, शिवाय लो-रेंज गिअर, म्हणजे कमी वेगात जास्त ओढ देणारा. पात्रात तीच सरस. पण सीटं चारच. घरची माणसं जास्त असतील तर महिंद्राची स्कॉर्पिओ-एन फोर बाय फोर (चारही चाकांना ताकद देणारी) बघा.

खरा फरक टायरच्या हवेने पडतो. रेतीत उतरण्याआधी हवा १८ पीएसआयच्या आसपास आणा, टायर पसरतो आणि गाडी वर तरंगते. डांबरीवर चढण्याआधी मात्र पुन्हा भराच. आपल्याकडच्या मे महिन्यात कमी हवेचा टायर हायवेवर तापून फुटू शकतो, त्यामुळे बारा व्होल्टचा कंप्रेसर गाडीत हवाच. टायर ऑल-टेरेन, म्हणजे रस्ता आणि कच्ची वाट दोन्हीला चालणारे घ्या. मड-टेरेनचे, म्हणजे चिखलासाठीच्या टायरचे खोल दात रेती उकरतात आणि हायवेवर आवाज करतात.

आणि या दोन्ही गाड्यांची फोर-व्हील ड्राइव्ह कोरड्या डांबरीवर लावू नका, गिअरबॉक्सवर ताण येतो. पात्रात थांबताना ब्रेक दाबू नका, गाडी आपोआप थांबू द्या.